केसांचा सातबारा बघा, मगच रंग बदला

काळ्या डायवर ब्राऊन डाय लावला तर केस ब्राऊन होत नाहीत. लातूरमध्ये पार्लर सुरू केल्यापासून हे एक वाक्य मी जितक्या वेळा बोलले आहे, तितकं दुसरं कुठलंच बोलले नसेन. लग्नसराई तोंडावर आली की कुणी ना कुणी येतं, डोक्याचा स्कार्फ सोडतं आणि आरशासमोर बसतं. मुळाजवळचे दोन बोटं केस तांब्यासारखे चमकत असतात आणि खालचे होते तसेच काळेभोर. "ताई, डब्यावर लिहिलंय तसंच केलं मी. मग असं कसं झालं?"

तिनं सूचना पाळलेल्याच असतात. पण आधीचा रंग केसात असताना काय होतं, हे तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं. बी.एस्सी.ला माझा विषय रसायनशास्त्र होता आणि पुढं हात या कामाला लागले, म्हणून दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं. जुना रंग काढून नवा लावताना केस तुटतात, टाळू भाजते, डोळे सुजतात. यातलं बरंचसं टाळता येतं, आणि ते टाळलं जावं म्हणून हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

हरभरे आणि अरुंद तोंडाची बाटली

केसाच्या बाहेर बारीक खवल्यांचा थर असतो, मक्याच्या कणसावर पानं एकावर एक बसलेली असतात तसा. आत केराटिन या प्रथिनाचा गाभा आणि त्या गाभ्यात मेलॅनिनचे कण. आपल्या केसांत काळं-तपकिरी मेलॅनिन भरपूर आणि लाल-पिवळं थोडं असतं. त्वचेच्या बाहेर आलेला केस मृत असतो, म्हणून एकदा बिघडलेला केस जखमेसारखा आतून भरून येत नाही. तेल, मास्क, सीरम लावून तो मऊ लागतो, चमकतो, पण आतून तुटलेलं पुन्हा पहिल्यासारखं सांधत नाही.

पक्क्या डायच्या डब्यात दोन भाग असतात. एका भागात पीपीडी (पॅराफेनिलिनडायअमिन) किंवा तिच्या जातीची रसायनं आणि अमोनिया, दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. या दुसऱ्या भागाला पार्लरमध्ये डेव्हलपर म्हणतात. अमोनियामुळं केस फुगतो, खवले उघडतात. पीपीडीचे रेणू लहान, त्यामुळं ते सहज आत शिरतात. आत गेल्यावर पेरॉक्साइडशी गाठ पडते, ते एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचा मोठा, गडद रेणू तयार होतो. हा मोठा रेणू आला त्या वाटेनं बाहेर पडू शकत नाही.

घरी करून बघा. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोरडे हरभरे एकेक करून टाका, पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हरभरे टरटरून फुगलेले असतील आणि बाटली उलटी केली तरी बाहेर पडणार नाहीत. पक्का डाय केसात असाच अडकून बसतो. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युलर या रसायनशास्त्रज्ञानं असा डाय विकायला काढला, तेव्हापासून आजच्या डब्यापर्यंत मूळ युक्ती हीच आहे.

आता त्या तांबूस मुळांकडे परत येऊ. मुळाजवळचा केस नवा, डाय न लागलेला. त्यात फक्त नैसर्गिक मेलॅनिन आहे. डेव्हलपर मेलॅनिनला थोडं फिकं करतो, शिवाय टाळूच्या उबेनं तिथं काम जलद होतं, म्हणून तो भाग उजळून तांबूस दिसतो. खालच्या केसात मात्र जुन्या डायचे हरभरे फुगून बसलेत. नव्या डायला ते हलवता येत नाहीत. काळ्या इरकलवर हळद सांडली तर दिसत नाही, तसा वरून लावलेला ब्राऊन त्या काळ्यात हरवून जातो. फिकट शेड हवी असेल तर आधी जुना रंग काढावाच लागतो.

आधी सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा बघतो: कुणाच्या नावावर आहे, कुठला बोजा आहे. केसांचं तसंच. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब केसांच्या टोकाशी तीन वर्षांपूर्वी लावलेलं सगळं आजही हजर असतं. कमरेपर्यंतच्या वेणीत पाच-सहा वर्षांचा इतिहास असतो. "सध्या काहीच लावत नाही" हे उत्तर खरं असलं तरी त्यानं माझं काम भागत नाही.

मी विचारते: आतापर्यंत काय काय लावलं? डब्यातला डाय, पुडीतला डाय, काळं तेल, मेंदी, लाल-जांभळा फॅशन कलर? शेवटचं कधी? केस सरळ करायचं रिबाँडिंग, स्मूदनिंग, केराटिन ट्रीटमेंट झालंय का? कधी कुठल्या डायनं खाज आली होती का? लपवू नका. तुमच्या उत्तरावर मी तुम्हाला जोखणार नाही, मला फक्त तुमच्या केसात काय आहे ते कळायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मेंदीच्या बाबतीत. "आम्ही केमिकल लावतच नाही, फक्त मेंदी," असं म्हणणाऱ्या निम्म्या बायका घरातून पुडी आणून दाखवतात तेव्हा ती काळी मेंदी निघते. हे समजून घ्या. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचा रंग केशरी ते तांबडा, बस्स. मेंदीनं केस काळे होत नाहीत. मेंदीवर निळीच्या झाडाची पूड लावली तर काळपट रंग येऊ शकतो, पण त्याला काही तास लागतात. अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करणारी पुडी असेल तर त्यात बहुतेक वेळा पीपीडी असते, मग पुडीवर मेंदीच्या पानाचं चित्र असो की आणखी कशाचं. पुडी उलटी करून घटकांची यादी वाचा. अक्षरं बारीक असतात, मोबाईलनं फोटो काढून मोठा करा.

हा फरक इतका महत्त्वाचा का, तर प्रत्येकाचं पुढचं गणित वेगळं असतं. डब्यातला पीपीडीचा डाय रिमूव्हरनं, म्हणजे रंग काढायच्या रसायनानं, बराचसा निघतो. शुद्ध मेंदीचं लॉसोन केसाच्या प्रथिनाला चिकटून बसतं, त्यावर तो रिमूव्हर चालत नाही आणि ब्लीच केलं तर नारंगी रंग मागं राहतो. मेंदीसोबत नीळ असेल आणि त्यावर ब्लीच पडलं, तर केस हिरवट होऊ शकतात आणि तो हिरवा सहजासहजी जात नाही. आणि चौथा प्रकार सगळ्यात धोक्याचा: धातूंचे क्षार घातलेले रंग. रोज थोडं थोडं लावून हळूहळू काळं करणारी काही लोशनं, काही भेसळीच्या मेंद्या यांत ते असतात. असे क्षार असलेल्या केसावर पेरॉक्साइड किंवा ब्लीच पडलं की केस तापतो, त्यातून वाफ निघते, आणि तो हातात तुटून येतो.

शंका असेल तर मी आधी बटेची चाचणी करते. विंचरताना निघालेले किंवा मागून कापलेले थोडे केस काचेच्या वाटीत घेते. त्यावर ६ टक्के पेरॉक्साइडचे वीस भाग आणि अमोनियाचा एक भाग असं मिश्रण ओतते आणि अर्धा तास बघत बसते. वाटी गरम झाली, जोरात बुडबुडे आले, वास सुटला, केसाचा रंग भलताच पालटला, तर त्या डोक्याला पेरॉक्साइड लावायचं नाही, ब्लीच तर नाहीच. तिथं उपाय एकच: वाढू द्या आणि कापत जा. घरी अमोनिया हाताळू नका, ही चाचणी पार्लरमध्येच करून घ्या.

अठ्ठेचाळीस तास

पीपीडीची अ‍ॅलर्जी. हा भाग घाईत असलेल्यांनीही वाचावा.

डाय लावायच्या ४८ तास आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघायचा. डब्यासोबतच्या कागदावर पद्धत दिलेली असते. दोन दिवसांत खाज, लाली, पुरळ, पाण्याचे फोड यातलं काहीही आलं तर तो डाय लावायचा नाही. "दहा वर्षं हाच लावते, कधी काही झालं नाही" हे मी रोज ऐकते. अ‍ॅलर्जी अशीच येते. शरीर प्रत्येक वेळी ओळख वाढवत असतं, आणि एके दिवशी तोच डाय, तेच डोकं, पण डोळे सुजून बंद होतात. एकदा झालं की पुढच्या वेळी आणखी जोरात होण्याची भीती असते. जत्रेत हातावर काळ्या मेंदीचे टॅटू काढतात त्यातही पीपीडी असू शकते, तिथंच लहानपणी ही अ‍ॅलर्जी जडल्याची उदाहरणं आहेत. लेकरांच्या हातावर ते काढू देऊ नका.

आणखी एक गैरसमज. "अमोनिया फ्री आहे, म्हणजे सेफ आहे ना?" अमोनिया नसला तरी त्याच्या जागी दुसरं अल्कधर्मी रसायन असतं आणि पीपीडी तर असतेच. वास कमी येतो, एवढंच. चाचणी त्यालाही लागते.

आपल्या देशात अशा डायच्या वेष्टनावर इशारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे: त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी घ्या, आणि पापण्या-भुवयांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. भुवया पांढऱ्या झाल्यात म्हणून उरलेला डाय बोटानं भुवईवर फिरवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हात धरून थांबवते. पुरुषांनी मिशीला डाय लावतानाही हीच काळजी घ्यावी. ओठाची आणि नाकाची त्वचा टाळूपेक्षा फार नाजूक असते.

डाय लावल्यावर टाळूची आग व्हायला लागली तर "थोडं सहन कर, वेळ होऊ दे" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. "डोकं आग आग करायलंय" असं गिऱ्हाईक म्हणालं की मी घड्याळ बघत नाही, सरळ नळाकडे नेते. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. चेहरा, ओठ सुजले, श्वास लागला तर १०८ ला फोन करा. कानामागं फोड, मानेवर पुरळ, पापण्यांवर सूज असं एक-दोन दिवसांनी उमटलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. शासकीय रुग्णालयांत, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय आहे. आणि डायच्या पुड्या, बाटल्या लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. पीपीडी पोटात गेली तर घसा सुजून श्वास अडकतो, पुढं मूत्रपिंडं निकामी होतात. घरगुती उपाय करत न बसता तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं.

रंग काढायच्या दोन वाटा

पहिली वाट रिमूव्हरची. यात गंधकाचं संयुग असतं, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. हे संयुग जोडलेल्या मोठ्या रेणूंना पुन्हा लहान करतं. म्हणजे फुगलेले हरभरे परत कोरडे, बारीक होतात आणि बाटलीच्या तोंडातून निघू शकतात. तुमच्या नैसर्गिक मेलॅनिनला ते हात लावत नाही, टाळूला आणि केसाला ब्लीचपेक्षा पुष्कळ सौम्य असतं. मात्र जुना डाय लावताना डेव्हलपरनं तुमचं मेलॅनिन आधीच थोडं खाल्लेलं असतं. त्यामुळं काळा निघाल्यावर खालून तुमचा मूळ काळा रंग दिसत नाही, तांबूस-नारंगी दिसतो. तो पाहून घाबरू नका, रिमूव्हरनं केस जळालेत असंही समजू नका. तो नारंगी कित्येक वर्षं काळ्याखाली दडलेला होता.

दुसरी वाट ब्लीचची. यात पर्सल्फेट आणि पेरॉक्साइड असतं. ते डायही तोडतं, मेलॅनिनही तोडतं आणि केसाला ताकद देणारे गंधकाचे बंधही तोडतं. रिमूव्हरनं काम होत असेल तर मी ब्लीचकडे जात नाही. गेलेच तर ६ टक्क्यांचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर वापरते आणि टाळूपासून अंतर ठेवते. ३० किंवा ४० व्हॉल्यूम घेतला की लवकर होतं, असं सांगून कुणी घाई केली तर खुर्चीवरून उठा. ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, त्यानं टाळू भाजू शकते. पर्सल्फेटच्या धुळीनं दमा उठतो, म्हणून ज्यांना दमा आहे त्यांनी ब्लीचच्या जवळ बसू नये आणि खिडक्या उघड्या हव्यात. कालवायला धातूचं भांडं वापरू नये. कालवलेलं ब्लीच बाटलीत भरून झाकण लावू नये, त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटते.

काळ्यापासून ब्लीच करत गेलं की रंग ठरलेल्या क्रमानं उघडतो: आधी लाल, मग नारंगी, मग पिवळट नारंगी, मग पिवळा. लाल-नारंगीपर्यंत आलं की चॉकलेटी, तपकिरी, बरगंडी शेडसाठी पुरतं. पिवळ्यापर्यंत ओढण्याचा हट्ट आपल्या दाट काळ्या केसांना फार महाग पडतो. आणि रिबाँडिंग झालेल्या केसांवर ब्लीच, हे मी कधीच करत नाही. रिबाँडिंगनं जे बंध तोडून जोडलेले असतात तेच ब्लीच पुन्हा तोडतं, आणि केस कंगव्यात राहतात.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. खाण्याचा सोडा, भांड्याचा साबण, लिंबू चोळून उन्हात बसणं: यानं पक्का डाय निघत नाही, खवले मात्र खरबरीत होतात. बाथरूम धुवायचं ब्लीच केसाला लावायचा विचारही नको.

खरा प्रश्न पाण्याचा

रिमूव्हरच्या कागदावर लिहिलेलं असतं: दहा ते वीस मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा. हे लिहिणाऱ्यानं आपला उन्हाळा पाहिलेला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आमच्या शहराला प्यायला दिलं गेलं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि टाकी जपून वापरावी लागते. मग माणूस काय करतो, दोन बादल्यांत उरकतो. आणि मग तक्रार येते: "रंग निघाला होता ताई, पण दुसऱ्या दिवशी परत काळा झाला!"

याचं कारण हरभऱ्यांत आहे. रिमूव्हरनं हरभरे बारीक केले, पण ते अजून बाटलीतच आहेत. धुवून बाहेर काढले नाहीत तर हवेतला ऑक्सिजन मिळाल्यावर ते परत जोडले जातात, परत फुगतात. वरून नव्या रंगाचा डेव्हलपर लावला तर हे आणखी वेगानं होतं, आणि नवा ब्राऊन लावताना जुना काळा जागा होतो. रिमूव्हर काम करत नाही असं जे म्हणतात त्यांच्यापैकी बहुतेकांचं धुणं कमी पडलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी टाकतो. पंधरा मिनिटांचे झाले सव्वाशे-दीडशे लिटर, म्हणजे मोठ्या सात-आठ बादल्या. एवढं पाणी हाताशी नसेल त्या दिवशी रिमूव्हर लावू नका, नळाचा दिवस बघून बेत करा. मी पाणी वाचवण्यासाठी केसांचे चार भाग करते आणि एकेक भाग सुटा धुते. एक जण मगानं बारीक धार सोडतो, दुसरा बोटांनी केस वरून खाली निपटत राहतो. मध्ये दोनदा शाम्पू. केस बादलीत बुडवून ठेवले तर सुटलेला रंग त्याच पाण्यात राहतो, म्हणून धारच हवी. उतरलेलं पाणी झाडांना घालू नका, सांडपाण्याला सोडा.

पूर्ण धुतलं की नाही हे बघायची युक्ती आहे. मागची एक पातळ बट पुसून घ्या, त्यावर ३ टक्के पेरॉक्साइड कापसानं लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बट काळवंडली तर रंग अजून आत आहे, आणखी धुवा. काळवंडली नाही तर झालं.

पाणी कुठलं, हेही बघा. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं. केस राठ होतो आणि नवा रंग एकसारखा चढत नाही. जुना पत्रा, गंजकी टाकी यांतून लोह आलं असेल तर पेरॉक्साइड वेडंवाकडं काम करतं. म्हणून मुख्य धुणं असेल त्या पाण्यानं करा, पण शेवटचे दोन-तीन मग फिल्टरच्या पाण्याचे वापरा. त्यातल्या एक लिटरमध्ये मोठा चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं की उघडलेले खवले बसायला मदत होते.

नवा रंग कधी आणि कुठला

केस ओला करून एक केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर मागं येतो. च्युइंगगमसारखा ताणत गेला आणि परत आलाच नाही, किंवा कट्कन तुटला, तर नव्या रंगाची घाई नको. ब्लीच झालं असेल तर मी किमान दोन आठवडे थांबवते. रिमूव्हरनंतरही पक्क्या रंगाआधी काही दिवस जाऊ दिलेले बरे. लग्न उद्यावर असेल तर डेव्हलपर नसलेला तात्पुरता रंग लावायचा. तो खवल्यांजवळच राहतो, काही धुण्यांत उतरतो, पण जुना रंग जागा करत नाही.

शेड निवडताना लक्षात ठेवा की रंग काढलेला केस कोरड्या ढेकळासारखा असतो, पाणी पडलं की पिऊन टाकतो. तोच डबा त्यावर एक-दोन शेड गडद दिसतो. डब्यावरच्या आकड्यांत १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट. तुम्हाला ४ सारखा ब्राऊन हवा असेल तर ५ किंवा ६ घ्या. अनेकींना इथं फसताना पाहिलंय: डोकं नारंगी दिसतंय म्हणून घाबरून ३ नंबर आणतात, आणि अर्ध्या तासात सगळा खटाटोप करून परत काळ्यावर येऊन थांबतात.

आकड्यानंतरचा टिंब आणि पुढचा आकडा छटा सांगतो. खालचा नारंगी दाबायला निळ्या झाकेची छटा लागते, कारण निळा आणि नारंगी एकमेकांना मारतात. डब्यावर तिला ॲश म्हणतात. लाल दाबायला हिरवी, पिवळा दाबायला जांभळी. पण केस पिवळे झालेले असताना निळसर ॲश लावला तर काय होईल, हे शाळेतली रंगपेटी आठवली की कळेल: हिरवा. आणि ब्लीच होऊन पिवळ्या झालेल्या केसांवर थेट गडद ब्राऊन लावला तरी तो शेवाळी, मातकट दिसतो, कारण ब्राऊनच्या पोटात लागणारा लाल-नारंगी आपण काढून टाकलेला असतो. तिथं आधी तांबूस रंग भरून घ्यायचा आणि त्यावर ब्राऊन लावायचा.

काहीही असो, आधी एका बटेवर लावा, वाळवा आणि दिवसाच्या उजेडात, अंगणात जाऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच ब्राऊन सारखे दिसतात.

नवा रंग बसल्यावर दर महिन्याला फक्त मुळांना लावा. पूर्ण लांबीला परत परत ओढलं की खाली थरावर थर चढतात आणि दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा माझ्यासमोर त्याच प्रश्नासह बसता. धुण्याआधी खोबरेल लावत चला, धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं त्यानं कमी होतं. चैत्र-वैशाखात बाहेर पडताना स्कार्फ बांधताच, तो रंगासाठीही चांगला, उन्हानं रंग उडतो.

दोन वर्षांपूर्वी औशाकडची एक शिक्षिका आली होती. आठ-नऊ वर्षं काळं लोशन आणि काळी मेंदी आलटून पालटून लावलेली, बहिणीच्या लग्नाला तपकिरी केस हवे होते. बटेची चाचणी केली तर काचेची वाटी हाताला गरम लागली आणि केस हिरवट झाले. मी नाही म्हणाले. त्या नाराज होऊन गेल्या, दुसरीकडं कुणी करून देईल का हेही विचारून गेल्या. महिन्याभरानं फोन आला, "ताई, काहीच लावलं नाही. आता काय करू?" तेव्हापासून त्या दर तीन महिन्यांनी येतात. खालून चार बोटं कापतो, वरून तीन-चार सेंटिमीटर करडा-पांढरा केस वाढलेला असतो. पांढरा संपून काळा सुरू होतो ती रेष गेल्या खेपेला खांद्याजवळ उतरली होती. एकदोन खेपांत काळं सगळं संपेल. चाचणी घेऊन कुठला ब्राऊन लावायचा ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, पण आता म्हणतात, हा पांढराच बरा दिसायलाय, थोडं थांबून बघू.